स्टिक आपोआप पळतेय? रिमोट उघडण्याआधी या चुका टाळा

गेल्या आठवड्यात माझ्या टेबलावर सात गेम कंट्रोलर आले. आमच्या कोल्हापुरात पोरं त्याला रिमोटच म्हणतात, मीही तेच म्हणतो. सातही जणांची तक्रार एकच: स्टिकला, म्हणजे अंगठ्यानं ढकलायच्या दांडीला, बोट न लावता गेममधला खेळाडू आपला आपण चालायला लागतो. त्यातल्या दोघांच्या स्टिक खरोखर झिजल्या होत्या. एक रिमोट बिघडलेलाच नव्हता. उरलेले चार घरच्या दुरुस्तीनं बिघडले होते आणि त्या चौघांचा खर्च सगळ्यात जास्त आला. राजारामपुरीत बसून मी हे काम बरीच वर्षं करतोय, आणि या चौघांसारखे लोक दर आठवड्याला येतात. म्हणून हे लिहितोय.

आधी आत काय असतं ते समजून घ्या. पीएस ४ चा ड्युअलशॉक ४ घ्या, पीएस ५ चा ड्युअलसेन्स घ्या, नाहीतर एक्सबॉक्सचा नेहमीचा रिमोट घ्या, प्रत्येक स्टिकखाली पत्र्याच्या चौकटीतलं एक मॉड्यूल असतं. त्याच्या दोन बाजूंना दोन छोटे पॉट असतात, एक डाव्या-उजव्यासाठी, एक वर-खालीसाठी. पॉटमध्ये कार्बनचा काळा पट्टा असतो आणि त्यावरून धातूची बारीक पाती सरकते. जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर यायची आठवते? तोही पॉटच. स्टिक सगळ्यात जास्त वेळ मध्यावरच असते, तिथूनच निघते आणि तिथंच परत येते. त्यामुळं पट्टा मध्यावरच आधी झिजतो, त्याची काळी पूड पातीखाली अडकते आणि रिमोटला वाटतं की कुणीतरी स्टिक ढकलतंय. याशिवाय स्टिक मध्यावर आणणाऱ्या स्प्रिंगा असतात. त्या थकल्या की पट्टा चांगला असूनही स्टिक जागेवर येत नाही.

न मोजता उघडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती टाळायला एक रुपयाही लागत नाही. रिमोट केबलनं कॉम्प्युटरला जोडा, ब्राउझरमध्ये गेमपॅड टेस्टर उघडा आणि आकडे बघा. मध्यावर शून्य, टोकाला एक नाहीतर उणे एक.

माझी सवय अशी आहे. स्टिक चारही दिशांना दहा-दहा वेळा पूर्ण ढकलायची, सोडायची आणि प्रत्येक वेळी ती कुठल्या आकड्यावर थांबली ते वहीत लिहायचं. हो, वहीत. लक्षात ठेवतो म्हणणाऱ्यांना पाचव्या आकड्यानंतर काही आठवत नाही. मग वही बोलते. हात न लावताही आकडा थरथरत असेल तर पॉट गेलाय. उजवीकडून सोडली की एका आकड्यावर आणि डावीकडून सोडली की दुसऱ्यावर थांबत असेल, तर बहुधा स्प्रिंग किंवा सांधा ढिला आहे, तिथं कितीही साफसफाई करा, उपयोग नाही. आणि दरवेळी एकाच चुकीच्या आकड्यावर शांत बसत असेल, तर कॅलिब्रेशन (रिमोटला मध्य आणि टोकं नव्यानं शिकवणं) किंवा डेड झोननं (मध्याजवळची बारीक हालचाल गेमनं न मोजणं) काम भागायची चांगली शक्यता आहे.

तो न बिघडलेला सातवा रिमोट कसबा बावड्याच्या एका पोराचा होता. कुठल्या तरी व्हिडिओत ‘प्रो सेटिंग’ बघून त्यानं गेममधला डेड झोन शून्यावर नेला होता. नव्याकोऱ्या रिमोटची स्टिकसुद्धा अचूक शून्यावर बसत नाही, दोन-चार शतांश इकडं-तिकडं असतेच. ते झाकायलाच डेड झोन असतो. मी तो थोडा वाढवला, दोन मिनिटांत काम झालं. पोरगं मात्र स्क्रू-ड्रायव्हरचा नवा सेट विकत घेऊनच आलं होतं.

निन्टेन्डो स्विचवाल्यांनी तर आधी सेटिंगमध्ये ‘कंट्रोलर्स अँड सेन्सर्स’मध्ये जाऊन स्टिक कॅलिब्रेट करावी. आणि पीसीवर खेळत असाल तर स्टिअरिंग व्हील किंवा दुसरा रिमोट जोडलेला राहिलाय का ते बघा. त्याचा आकडासुद्धा गेममध्ये घुसतो.

वरून काहीतरी फवारणं

याच्यावर मी सविस्तर बोलणार आहे, कारण याचाच मला सगळ्यात जास्त वैताग आलाय.

फुटबॉलचा हंगाम होता. शाहू स्टेडियमवर सामने सुरू असले की पेठेतली पोरं संध्याकाळपर्यंत तिकडं असतात आणि रात्री टीव्हीसमोर तोच खेळ. मंगळवार पेठेतला एक पोरगा रात्री दुकान बंद करताना आला. “दादा, लई अर्जंट हाय. उद्या आमच्यात मॅच हायत.” रिमोट पीएस ४ चा. डावी स्टिक वर ओढत होती, उजवी खाली, आणि फुलीचं बटण दाबलं तरी लागत नव्हतं. एकाच रिमोटला तीन दुखणी एकदम झाली म्हणजे कुणीतरी काहीतरी केलंय. विचारलं तर म्हणाला, काही नाही केलं. उघडला तर आतून कारखान्याचा वास.

मग खरं बाहेर आलं. त्याच्या वडिलांचं उद्यमनगरात लेथचं काम. तिथं गंजलेले नट सोडवायला जो तेलकट स्प्रे असतो, तो त्यानं स्टिकच्या फटीतून आत मारला होता. आधी फक्त डावी स्टिक ओढत होती, पण उजवीलाही ‘सेफ्टी म्हणून’ मारला. आणि चार दिवस रिमोट झकास चालला!

लोक इथंच फसतात. तेलानं पातीखालची कार्बनची पूड तात्पुरती धुतली जाते, आकडा स्थिर होतो आणि माणूस मित्रांनाही तोच उपाय सांगतो. पण तेल वाळत नाही. त्यात पुन्हा पूड मिसळते, खोलीतली धूळ चिकटते आणि पट्ट्यावर काळा लगदा तयार होतो. त्या रिमोटमध्ये तर तेल बटणांखालच्या पातळ फिल्मपर्यंत उतरलं होतं. त्या फिल्मवर बटणांचे कार्बनचे ठिपके असतात, म्हणून फुली लागत नव्हती. दोन्ही मॉड्यूल बदलली, फिल्म बदलली, बोर्ड दोनदा धुतला. एका स्टिकचं काम होतं, अख्खा रिमोट सोलावा लागला. आणि दुसऱ्या दिवशीच्या मॅचला तो मिळाला नाही तो नाहीच.

साफ करायचंच असेल तर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, दुकानात आयपीए म्हटलं की मिळतं. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, उरलेलं ३० टक्के बहुतेक पाणीच असतं. सॅनिटायझर तर मुळीच नको, त्यात जेल आणि ग्लिसरीन असतं. रिमोट बंद करा, उघडा, बॅटरी काढा आणि पॉटच्या बाजूच्या फटीत दोन-तीन थेंब सोडा. वरून ओतू नका, वरून ओतलेलं पॉटपर्यंत धड पोहोचत नाही आणि सांध्यातलं ग्रीस मात्र धुऊन नेतं. मग स्टिक पन्नासेक वेळा गोल फिरवा आणि वाळू द्या. मी रात्रभर ठेवतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं पाऊस लागून राहिला की पूर्ण दिवस ठेवतो. आयपीए काही मिनिटांत उडतं हे मलाही ठाऊक आहे, पण मॉड्यूलच्या तळाशी अडकलेलं इतक्या लवकर निघत नाही, आणि ओल्या बोर्डाला बॅटरी लावायची घाई मी कुणाच्याच रिमोटवर करत नाही.

आणि एवढं करून पंधरा दिवसांत दुखणं परत आलं तर पुन्हा थेंब सोडत बसू नका. पट्टा झिजलाय, झिजलेला कार्बन अल्कोहोलनं उगवत नाही. मॉड्यूल बदला.

थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर बाहेरचं प्लास्टिक विरघळवतात, ते घरात असले तरी हात लावू नका. तोंडानं फुंकर मारली की थुंकी आत जाते. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरच्या हवेत पाणी आणि तेल दोन्ही असतं.

मॉड्यूल ओढून काढणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे, त्यामुळं पूर्ण सांगतो.

मॉड्यूलला चौदा टाके, म्हणजे बोर्डावरचे सोल्डरचे जोड, असतात. दोन पॉटचे तीन-तीन, दाबायच्या बटणाचे चार आणि चौकटीच्या पायांचे चार. हे चौदाही एकाच वेळी मोकळे झाल्याशिवाय मॉड्यूल सुटत नाही. त्यात चौकटीचे पाय बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात, ते सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता पिऊन टाकतात. शिवाय कंपनीचं सोल्डर शिसं नसलेलं असतं. ते सुमारे २१७ अंशांना वितळतं, आपल्या बाजारात मिळणारं कथील-शिशाचं ६३-३७ वालं १८३ अंशांना.

सुरुवातीच्या दिवसांत एक कॉलेजचा मुलगा संध्याकाळी आला. रात्रीच्या गाडीनं पुण्याला निघालेला. तेरा टाके मोकळे झाले, चौदावा थोडा धरून होता. मला वाटलं येईल. चिमट्यात धरून ओढलं आणि मॉड्यूल आलं, सोबत बोर्डावरचा पॅड (तांब्याचा ठिपका) आणि भोकातली तांब्याची नळीही आली. नवं मॉड्यूल बसलं, पण वर-खाली हलणं बंद. भिंगाखाली केसाएवढी तार टाकून ती लाइन जोडायला रात्रीचे बारा वाजले. मुलगा तोवर निघून गेला होता. त्याला माझा स्वतःचा रिमोट देऊन पाठवलं आणि त्याचा नंतर कुरिअरनं पाठवला. त्या दिवसापासून ‘गाडी आहे, लवकर करा’ म्हणणाऱ्याचा रिमोट मी त्या दिवशी उघडत नाही.

आता मी जुनं मॉड्यूल वाचवायच्या भानगडीतच पडत नाही. ते कचऱ्यातच जाणार असतं, वाचवायचा असतो तो बोर्ड. आधी पॉट कटरनं तोडायचे, चौकट सुटी करायची, मग एकेका पिनेवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहावं म्हणून लावतात तो) आणि थोडं शिशाचं सोल्डर वाढवून ती एकटी काढायची. भोकं शेवटी सकरनं (सोल्डर ओढणारा पंप) आणि विकनं (सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी) साफ. आयर्न ३५० अंशांच्या आसपास, टोक रुंद. चार सेकंदांत वितळलं नाही तर टोक उचलायचं, बोर्ड निवू द्यायचा, परत फ्लक्स. जोर लावावा लागतोय असं बोटांना कळलं की थांबायचं.

मोटर वाइंडिंगवाल्याकडचं, तापमान ठरवता न येणारं जाड आयर्न यासाठी नको. आणि आयुष्यातला पहिला टाका महागड्या ड्युअलसेन्सवर काढू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. भंगारवाल्याकडून जुन्या सेट-टॉप बॉक्सचा बोर्ड आणा, त्यावरचे पन्नास पाय काढून बघा. एक रविवार जातो. व्हिडिओतल्या माणसाचं काम दहा मिनिटांत होतं, कारण त्याचे असे रविवार आधीच गेलेले असतात.

‘हॉल इफेक्ट लावला की कायमचं संपलं’

नाही संपत. हॉल इफेक्टच्या स्टिकमध्ये पट्ट्याऐवजी लोहचुंबक आणि त्याची जागा ओळखणारा सेन्सर असतो. हॉल इफेक्ट १८७९ मध्ये एडविन हॉलनं शोधला आणि १९९८ साली आलेल्या सेगा ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या रिमोटमध्ये हेच तंत्र होतं, त्यामुळं हे काही काल निघालेलं नाही. लोहचुंबक आणि सेन्सर एकमेकांना टेकत नाहीत, म्हणून पट्टा झिजायचा प्रश्नच नाही, हे खरं. मलाही ते आवडतात. पण स्प्रिंग आणि सांधे तिथंही झिजतात. आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन करावंच लागतं. ड्युअलसेन्स जुन्या स्टिकचा मध्य आणि टोकं स्वतःच्या मेमरीत धरून बसलेला असतो. नवं मॉड्यूल लावलं, कॅलिब्रेट केलं नाही आणि ‘माल डुप्लिकेट निघाला’ म्हणून परत घेऊन येणारे मी बरेच पाहिलेत. मध्य आधी, टोकं नंतर, मग तात्पुरतं ठेवून अर्धा तास खेळा, पटलं तरच कायमचं सेव्ह करा. वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांनी लोखंडाच्या किसाचे हात धुऊनच असा रिमोट धरावा, चुंबक तो कीस ओढतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. वॉरंटी शिल्लक असेल तर उघडू नका. बॅटरीचा प्लग धरून ओढा, तारा ओढू नका. ड्युअलशॉक ४ चं कव्हर झटक्यात उघडलं की आतली रिबन तुटते. एक्सबॉक्सला मधे भोक असलेला टॉर्क्स टी-८ लागतो, चपट्या ड्रायव्हरनं स्क्रूचं डोकं खाऊ नका. स्विचच्या जॉय-कॉन रिमोटला तीन पाकळ्यांचा ड्रायव्हर लागतो. त्याची स्टिक बदलायला सोल्डरिंग लागत नाही, फक्त रिबन काढण्याआधी तिची इवलीशी कडी उचलायची असते. जॉय-कॉनच्या ड्रिफ्टबद्दल, म्हणजे स्टिक आपोआप पळण्याबद्दल, तर जून २०२० मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांसमोर माफी मागितली होती. म्हणून रिमोट घेऊन येणाऱ्या आईवडिलांना मी सांगतो, पोरानं आदळला असेलच असं नाही, त्याला आधीच रागवू नका.

सगळे स्क्रू लावण्याआधी टेस्टर उघडून ते चाळीस आकडे पुन्हा घ्या आणि वहीतल्या जुन्या आकड्यांशेजारी लिहा.

आणि माझ्याकडं या नाहीतर दुसऱ्या कुणाकडं जा, आत काय घातलंय ते पहिल्या वाक्यात खरं सांगा. तेल असेल तर मी बोर्ड आधी धुतो. थिनर असेल तर आधी प्लास्टिकचे सांधे बघतो. साखरेचं कोल्ड्रिंक सांडलं असेल तर बॅटरी लावायच्या आधी प्रत्येक कनेक्टर उघडतो. काहीच सांगितलं नाहीत तर मला हे तिन्ही करावं लागतं आणि तेवढ्या वेळाचे पैसे तुमच्याच खिशातून जातात.