ई-माउंटन बाइकचा मागचा शॉक स्वतःच्या वजनाला जुळवा

फुल सस्पेन्शन (पुढच्या-मागच्या दोन्ही चाकांना धक्के शोषणारी यंत्रणा असलेली) ई-माउंटन बाइक नवीन असूनही दगडांवर उसळते किंवा चढावर मागे बसते? बहुतेकदा मागच्या शॉकमधली, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीतली हवा तुमच्या वजनाला जुळलेली नसते. दहा मिनिटांचं काम आहे.

१. बॅटरी बसवलेली ठेवा. हेल्मेट, पाठपिशवी, भरलेली पाण्याची बाटली, सगळं अंगावर घ्या. पाठपिशवीशिवाय घेतलेलं माप खऱ्या वाटेवर चुकतं.
२. शॉकचा लिव्हर ‘ओपन’वर करा.
३. भिंतीला हात टेकून सीटवर अलगद बसा. शॉकच्या दांड्यावरची रबरी रिंग सीलपर्यंत (दांडा जिथे नळीत शिरतो त्या कडेपर्यंत) सरकवा आणि उडी न मारता हळूच उतरा.
४. आता सील आणि रिंग यांच्यातलं अंतर मोजा. ते शॉकच्या स्ट्रोकच्या (शॉक एकूण जितका दाबला जाऊ शकतो त्या लांबीच्या) साधारण ३० टक्के हवं. म्हणजे ५५ मिमी स्ट्रोकला १६-१७ मिमी. अंतर जास्त असेल तर हवा भरा, कमी असेल तर थोडी सोडा. प्रत्येक बदलानंतर शॉक दहा-बारा वेळा दाबा, मगच पुन्हा मोजा.

जमलेला हवेच्या दाबाचा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा.

हवा शॉक पंपानेच भरा, टायरच्या पंपाने नाही. आणि शॉकवर छापलेली दाबाची कमाल मर्यादा कधीही ओलांडू नका.