गावच्या संघाचा समर्थक गट कसा बांधावा: इटलीतील अल्ट्रास गटांच्या इतिहासावरून

भातकापणी आटोपली की कोकणात कबड्डी, फुटबॉल आणि प्रकाशझोतातील क्रिकेटचे सामने सुरू होतात आणि ते मिरगाच्या तोंडापर्यंत चालतात. चषक, जर्सी, पाहुण्यांचे नारळ-शाल यांची तयारी आयोजक महिनाभर आधी करतात; प्रेक्षकांची तयारी मात्र कोणी करत नाही. ज्यांना आपल्या संघामागे शिस्तीने उभा राहणारा गट हवा आहे, त्यांनी इटलीतील फुटबॉलच्या ‘अल्ट्रास’ गटांचा, म्हणजे घोषणा, ढोल आणि बॅनर घेऊन संघामागे संघटितपणे उभ्या राहणाऱ्या कट्टर समर्थकांचा, इतिहास आधी समजून घ्यावा, कारण ही कला तिथे जशी बहरली तशीच नासलीही, आणि माझ्या मते ती नासण्यामागे भांडणांइतकाच पैशाचाही हात होता.

इटलीत चाहत्यांचे क्लब १९५० आणि १९६०च्या दशकांतही होते, पण ते वडीलधाऱ्यांचे आणि क्लबच्या व्यवस्थापनाला धरून चालणारे होते. १९६८मध्ये एसी मिलानच्या तरुण समर्थकांनी ‘फोस्सा देई लेओनी’ हा गट काढला आणि तिथून वेगळी वाट सुरू झाली. १९६९मध्ये जेनोवा शहरातील सांपदोरियाच्या समर्थकांनी आपल्या गटाला ‘अल्ट्रास तितो कुक्कियारोनी’ असे एका अर्जेंटिनी खेळाडूचे नाव दिले. त्याच वर्षी इंटर मिलानचा ‘बॉईज’ गट उभा राहिला. विद्यार्थी आंदोलनांचा आणि कारखान्यांतील संपांचा तो काळ होता. त्यामुळे मोर्चातील ढोल, भोंगे, लांबलचक बॅनर, इतकेच काय, ‘ब्रिगेड’ आणि ‘कमांडो’ यांसारखी नावेही रस्त्यावरून थेट स्टेडियममध्ये आली. १९७७मध्ये रोमा क्लबमागचे अनेक छोटे गट ‘कमांडो अल्ट्रा कुर्वा सूद’ या एकाच बॅनरखाली एकत्र आले.

पहिले काम जागा ठरवण्याचे. ‘कुर्वा’ म्हणजे गोलपोस्टमागील वळणदार स्टँड. तिथले तिकीट सर्वांत स्वस्त, म्हणून तिथे तरुण जमले आणि आवाजही तिथूनच उठला. आपणही स्टेजसमोरची जागा सोडून मैदानाची एक बाजू धरावी, दर सामन्याला तीच धरावी आणि विखुरलेल्या मुलांना तिथे आणून बसवावे. चाळीस जण एका ठिकाणी असले तर त्यांचा आवाज मैदानभर पसरलेल्या दोनशे जणांच्या आवाजाला भारी पडतो.

दुसरे काम म्होरक्या निवडण्याचे. इटलीत हा माणूस कठड्यावर चढून मैदानाकडे पाठ करतो; त्याचे लक्ष गर्दीवर असते आणि बराचसा सामना त्याला दिसतच नाही. डबलबारी भजनात बुवांनी ओळ टाकावी आणि कोरसने ती उचलून धरावी, तसेच हे नाते असते. सामना सोडून गर्दीकडे तोंड करायला आपल्याकडे सहसा कोणी तयार होत नाही, म्हणून दोघांना नेमावे आणि अर्धा-अर्धा वेळ वाटून द्यावा. घोषणा छोट्या, ठेक्यात बसणाऱ्या असाव्यात आणि संघ मागे पडला तरी त्या थांबू नयेत. आपल्याकडील समालोचक श्वास घ्यायलाही माईक खाली ठेवत नाही, तेव्हा मध्यंतराची काही मिनिटे तरी त्याच्याकडून आधीच मागून घ्यावीत.

बॅनरला मात्र वेळ द्यावा. १९८३मध्ये रोमा आणि लात्सियो या रोम शहरातल्याच दोन क्लबांच्या लढतीत रोमाच्या समर्थकांनी ‘ती आमो’, म्हणजे ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’, एवढेच शब्द लिहिलेला भलामोठा बॅनर उलगडला आणि तो आजही आठवला जातो. शब्द जितके कमी तितके अक्षर मोठे काढता येते. छापील फ्लेक्सऐवजी मांजरपाट घ्यावे, दोन पन्हे उभे जोडून शिवावेत आणि शाळेच्या पडवीत किंवा देवळाच्या सभामंडपात कापड ताणून पसरावे. आधी कागदावर चौकटी आखून अक्षरे बसवावीत, मग त्याच प्रमाणात सुतळी आणि खडूने कापडावर मोठ्या चौकटी आखाव्यात. तैलरंग घडीवर तडकतो, म्हणून पाण्यात मिसळणारा इमल्शन रंग रुंद ब्रशने द्यावा. दोन्ही टोकांना नेफा ठेवून त्यात चिवारीच्या (बारीक बांबूच्या) काठ्या घालाव्यात. किनाऱ्यालगतच्या मैदानावर दुपारनंतर खारा वारा भरला की कापड शिडासारखे फुगते आणि काठी धरणारा पोरगा त्याच्यामागे फरफटतो. यासाठी अक्षरांमधील मोकळ्या जागेत अर्धचंद्राकृती चिरा देऊन त्यांच्या कडा शिवून घ्याव्यात. बॅनर घडी न घालता गुंडाळावा आणि तो कोणाच्या घरी राहील हे ठरवून ठेवावे. इटलीत प्रतिस्पर्ध्यांनी बॅनर पळवणे ही सर्वांत मोठी नामुष्की मानली जाते. पळवलेल्या बॅनरवरून उठलेल्या वादानंतरच २००५मध्ये ‘फोस्सा देई लेओनी’ विसर्जित झाला.

आता पैशाविषयी. सुरुवातीचे गट वर्गणीवर आणि स्कार्फच्या विक्रीवर चालत. पुढे काही गटांच्या हाती तिकिटे, प्रवासाच्या बस आणि मालाची विक्री आली आणि म्होरकेपणा हा धंदा झाला. सप्टेंबर २०२४मध्ये मिलान आणि इंटर या दोन्ही क्लबांच्या समर्थक गटांच्या प्रमुखांना अटक झाली, तेव्हा तपासात तिकिटांबरोबर पार्किंग आणि शीतपेयांच्या विक्रीवरील वर्चस्वाचाही विषय होता. म्हणून वर्गणीला पावती द्यावी, हिशेबावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि तो गटासमोर वाचून दाखवावा. क्लबकडून फुकट पास घेऊ नयेत. बॅनरवर कोणाही उमेदवाराचे नाव येऊ देऊ नये. ग्रामपंचायतीची निवडणूक जवळ असली की देणगी आपणहून चालत येते, आणि नेमकी तीच परत करावी. लात्सियो आणि वेरोनाचे गट उजव्या राजकारणाकडे, लिव्होर्नोचे डाव्या, अशी तिथे वाटणी झाली आणि वर्णद्वेषी घोषणांनी अनेक मैदाने बदनाम झाली. आपल्याकडे वाडी, जात आणि आडनाव यांवरून एकही घोषणा चालवू नये.

फटाके आणि रॉकेट यांना पूर्ण बंदी ठेवावी. २८ ऑक्टोबर १९७९ रोजी रोमच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये समोरच्या स्टँडमधून सोडलेले रॉकेट लागून लात्सियोचे समर्थक व्हिन्चेन्सो पापारेल्ली यांचा मृत्यू झाला. आपल्या मैदानांभोवती तर गवताच्या उडव्या असतात. २ फेब्रुवारी २००७ रोजी कातानिया-पालेर्मो सामन्याच्या वेळी उसळलेल्या दंगलीत पोलीस अधिकारी फिलिप्पो राचिती मरण पावले. त्यानंतर ढोल, भोंगे आणि बॅनर यांवर निर्बंध आले आणि दंगा न करता नुसते गाणाऱ्यांनाही परवानगीसाठी अर्ज करावे लागले. आपल्याकडे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, त्यामुळे रात्रीच्या सामन्यात भोंगा वेळेवर बंद करून नुसत्या आवाजावर भागवावे.

शेवटी पाहुण्या गटाविषयी. इटलीत दोन गटांनी मैत्र जाहीर करण्याची रीत आहे. १९८२मध्ये मोसमाच्या शेवटच्या दिवशी नापोलीविरुद्ध २-२ अशी बरोबरी साधून जेनोवा शहराचाच जेनोआ हा क्लब खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचला आणि त्यातून जुळलेले दोन्ही समर्थकांचे नाते २०१९पर्यंत टिकले. पाहुण्यांचा बॅनर लावायची जागा आदल्या दिवशी ठरवून द्यावी, त्यांच्या गाड्या आपल्या बाजूला उभ्या करू नयेत, आणि सामना संपल्यावर त्यांना आधी बाहेर पडू देऊन मगच आपला ढोल उचलावा.