क्षणात राग, क्षणात लोभ: अशी पात्रं लिहिताना या चुका टाळा

प्रेमकथांच्या कच्च्या खर्ड्यांत मला सगळ्यात जास्त भेटणारं एक पात्र आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच अंगावर वसकन जाणारं, त्यालाच तोडून बोलणारं, आणि दोन पानांनी त्याच्याच उशाशी रात्रभर जागणारं. नव्याने लिहिणाऱ्यांच्या कथा वाचायच्या आणि त्यांच्याशी त्यावर बोलायचं, हे मी बरीच वर्षं करते आहे. हे पात्र मला मनापासून आवडतं, म्हणून ते फसलेलं दिसलं की जास्त लागतं. आणि फसतं ते बहुतेक वेळा ठरलेल्याच जागी.

जपानी गेम खेळणाऱ्यांनी आणि अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशनपटांच्या, चाहत्यांनी एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंटरनेटवर अशा पात्राला 'त्सुंदेरे' हे नाव दिलं. 'त्सुन-त्सुन' म्हणजे फटकून, तुटक वागणं आणि 'देरे-देरे' म्हणजे प्रेमाने विरघळून जाणं. शब्द नवा, पण स्वभाव फार जुना. नाट्यशास्त्रात नायिकेचे दहा स्वभावज अलंकार, म्हणजे स्वभावातून आपोआप उमटणारे हावभाव, सांगितले आहेत, त्यांत 'बिब्बोक' आहे: हवं ते हाती आल्यावर गर्वाने त्याच्याकडे पाठ फिरवणं. 'किलकिंचित' आहे: आनंदाच्या भरात हसू, रडू, राग आणि भीती एकमेकांत मिसळून जाणं. प्रेमातल्या अवस्थेवरून ठरवलेल्या आठ नायिकांमधली, अष्टनायिकांमधली, 'कलहांतरिता' तर भांडून प्रियकराला घालवते आणि तो गेल्यावर झुरत बसते. या सगळ्यांना 'रागीट नायिका' असं एकच नाव देऊन शास्त्रकार मोकळे झाले नाहीत. प्रत्येकीचा रुसवा वेगळा, कारण त्यामागचं मन वेगळं. आपल्या खर्ड्यांत नेमकं हेच राहून जातं.

"तिचा स्वभावच तसा आहे"

ही पहिली चूक, आणि बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. "तुझी नायिका याच्यावर एवढी का चिडते?" असं विचारलं की लेखक म्हणतो, "स्वभावच तसा आहे." मग ती त्याच्यावर चिडते तशीच रिक्षावाल्यावर, बहिणीवर, मैत्रिणीवरही चिडायला हवी. तसं तर होत नाही. सगळ्या जगाशी ती नीट बोलते आणि याच्याशीच फटकून वागते, म्हणजे याच्या बाबतीत तिला कशाची तरी भीती आहे. ती कसली, हे लेखकाला ठाऊक असायलाच हवं, मग कथेत ते कधीही उच्चारलं गेलं नाही तरी चालेल.

मनोविश्लेषक अ‍ॅना फ्रॉइड यांनी 1936 साली मनाच्या बचावाच्या तऱ्हांवर पुस्तक लिहिलं. त्यात एक तऱ्हा अशी आहे: जी भावना पेलत नाही ती दडपून माणूस तिच्या बरोबर उलटी भावना दाखवू लागतो. तिची खूण म्हणजे अतिरेक. साध्या गोष्टीवर गरजेपेक्षा जास्त राग. आपल्या पात्राच्या रागात ही 'गरजेपेक्षा जास्त' मात्रा दिसली की वाचक आपोआप कान टवकारतो, त्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

हे समजावताना मी नेहमी एक जोडी घेते, रेवा आणि ईशान. दोघं एकाच टेबलावर बसून नकाशे तपासतात. ईशानला डाव्या कानाने ऐकू येत नाही, आणि हे त्याने कुणालाच सांगितलेलं नाही. आता नेहमीचा खर्डा कसा असतो? रेवा दिवसभर त्याच्यावर खेकसते. संध्याकाळी त्याला ताप येतो. ती गोळ्या आणून देते, "तुझ्यासाठी नाही आणल्या, जास्तीच्या होत्या" म्हणते आणि लाजते. इथे राग एका डब्यात आहे, माया दुसऱ्या डब्यात, आणि लेखक आळीपाळीने झाकणं उघडतो आहे.

त्याऐवजी हे वाचा.

"सरक तिकडे," रेवा म्हणाली.

"का? ही माझी जागा आहे."

"तिरीप येतेय माझ्या डोळ्यांवर. आणि तुझी जागा म्हणजे काय? नाव कोरलंयस का?"

तो पुटपुटत डावीकडच्या खुर्चीवर सरकला. ती त्याच्या उजव्या हाताला बसली.

असं तीन प्रकरणं चालतं. मग एके दिवशी आभाळ भरून येतं, भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि रेवा येऊन म्हणते, "सरक. तिरीप येतेय." ईशान खिडकीकडे बघतो. मग काही न बोलता खुर्ची ओढून सरकतो.

खेकसणं आणि काळजी इथे एकाच वाक्यात आहेत. ती खेकसते *म्हणूनच* काळजी करू शकते. मऊपणाने सांगितलं असतं तर त्याला कळलं असतं की हिने आपलं गुपित ओळखलंय, आणि हिला आपली कीव येते असं त्याने धरून चाललं असतं. रेवाला भीती आहे ती त्या कीव शब्दाची. तुमच्या कथेतला राग काढून टाकला आणि तरीही माया जशीच्या तशी उभी राहिली, तर तो राग वरून चिकटवलेला आहे असं खुशाल समजा.

झोका की उतार, हे न ठरवणं

'त्सुंदेरे' हा शब्द आला तेव्हा त्याचा रोख मुख्यतः सुरुवातीला तुसडी असलेल्या आणि कथा पुढे जाईल तशी हळूहळू विरघळणाऱ्या पात्राकडे होता. पुढे तो घटकेत कडू, घटकेत गोड अशा पात्रालाही लागू लागला. या दोन वेगळ्या रचना आहेत. पहिली उतारासारखी, एकदा खाली आलं की परत चढायचं नाही. दुसरी झोक्यासारखी. पुष्कळ जण सुरुवात उताराने करतात आणि मधल्या प्रकरणांत कथा रेंगाळली की घाबरून झोका सुरू करतात. मग सहाव्या प्रकरणात मिटलेलं भांडण नवव्यात काही कारण नसताना पुन्हा उकरलं जातं आणि वाचक म्हणतो, "हे तर झालं होतं ना?" लिहायला बसण्याआधी ठरवा. झोका हवा असेल तर प्रत्येक फेरीला तो थोडा तरी पुढे जायला हवा: पहिल्यांदा जे बोलायला चार दिवस लागले ते दुसऱ्यांदा एका दिवसात.

कारणाशिवाय फिरलेली पारडी

लेखकाला भांडण हवं म्हणून भांडण, मिठी हवी म्हणून मिठी. हे ओळखायला मी एक साधा उपाय सांगते. खर्डा छापून घ्या आणि पात्राचा सूर जिथे जिथे बदलतो तिथे समासात एका ओळीत कारण लिहा. 'कारण ती वैतागली' चालणार नाही, ते कारण नव्हे. समोर काय घडलं, कुणी काय म्हटलं, तिला काय आठवलं, ते लिहा. ज्या वळणाशेजारी समास कोरा राहील तिथे दुरुस्ती हवी.

खरं तर या स्वभावाला एक नियम आहे आणि तो फार उपयोगी पडतो: सगळ्यात कडवट वागणं हे सगळ्यात जवळच्या क्षणाच्या पाठोपाठ येतं. जवळीक झाली, आपण उघडे पडलो असं वाटलं, म्हणून माणूस मागे सरतो. त्या ढगाळ दुपारनंतरच्या सकाळी रेवा कशी वागेल? ईशानच्या नकाशातली चूक ती चारचौघांत दाखवेल. आणि मग, हे विसरू नका, त्याची किंमतही मोजेल: तो दुसऱ्या दिवशी टेबल बदलेल. किंमत न मोजता पारडं परत फिरलं की वाचकाचा विश्वास जातो.

"पण वाचकांना तर असंच आवडतं, कधी काय होईल सांगता येत नाही म्हणूनच ते पुढचा भाग उघडतात," असं मला एकाने सांगितलं होतं. त्यात तथ्य आहे. बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी 1957 साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतरांना दाणा कितव्या टोचीला मिळेल याचा नेम नसला की ती चिकाटीने टोचतच राहतात, हे त्यातून दिसतं. अधूनमधून मिळणारी माया माणसालाही अशीच अडकवून ठेवते. पण मी त्याला विचारलं, तुला वाचक दाण्यासाठी टोचत बसलेला हवा आहे का? माणूस कळावा म्हणून थांबलेला वाचक कथा संपल्यावरही तिच्याकडे परत येतो.

मारणं, हिणवणं, आणि 'नाही'चा खेळ

इथे मी कडक आहे आणि राहणार. थप्पड, ढकलणं, वस्तू फेकून मारणं याला गोड म्हणून खपवू नका. एक कसोटी आहे: त्या प्रसंगात नायक-नायिकेची अदलाबदल करून वाचा. तिने त्याच्या कानाखाली मारली तर हसू येतं आणि त्याने तिला मारली तर अंगावर काटा येतो, असं झालं तर तो प्रसंग मुळातच चुकला आहे. उलटंही होतं. तो तिचा फोन तपासतो, तिला घालूनपाडून बोलतो आणि लेखक त्याला 'आतून हळवा' म्हणून पाठीशी घालतो.

नाट्यशास्त्रातल्या त्याच दहा अलंकारांत 'कुट्टमित' आहे: प्रियकराच्या स्पर्शाने आतून सुख होत असताना वरवर त्रास झाल्याचं दाखवणं. ती रंगभूमीची परिभाषा होती आणि प्रेक्षकाला दोन्ही बाजू दिसत होत्या. आज आपण लिहितो तेव्हा पात्राने स्वतःच्या *भावनेबद्दल* खोटं बोलावं, जरूर बोलावं. "मला काही फरक पडत नाही" हे खोटं चालतं. पण "हात सोड" हे खोटं धरायचं नाही. ते म्हटलं की समोरच्याने हात सोडायचा आणि कथेने तिथून पुढची वाट शोधायची.

रागाला हद्द असली की तो प्रेमाचा पुरावा होतो. रेवा ईशानच्या अक्षरावर तोंडसुख घेते, त्याच्या उशिरा येण्यावर, त्याच्या टोपीवर, सगळ्यावर. कानावर कधीच नाही. एकदा कुणीतरी "बहिरा आहेस का?" म्हणून ओरडतं तेव्हा ती इतकी गप्प होते की ईशानच तिच्याकडे वळून बघतो. पात्र कशाची *थट्टा करत नाही* याची यादी आधी बनवा. मी हे प्रत्येक लेखकाकडून करून घेते.

समोरचा माणूस मातीचा

ती कितीही बोलली तरी हा हसतोच. का? त्याला मान नाही, मत नाही, दुसरं काम नाही? हा कुणी संतमहात्मा नाही. त्यालाही एकदा तिरीमिरी यायला हवी, त्यानेही निघून जायला हवं. तोडीस तोड उत्तर देणारा जोडीदार असला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

गाल लाल होणं, "अं… म्हणजे… तसं नाही" असं अडखळणं, मान फिरवणं, हे संपूर्ण कथेत फार तर एकदा. आणि "अरे, तिला तू आवडतोस म्हणून ती भांडते" असं समजावून सांगणारा मित्र तर पहिल्या दुरुस्तीतच काढा.

मराठीने दिलेलं हत्यार न वापरणं

याची मला खरोखर हळहळ वाटते. आपल्याकडे तू, तुम्ही आणि आपण आहे, क्रियापदांची रूपं आहेत, 'अगं', 'अरे', 'अहो' आहे. सूर बदलल्याचं सांगायला विशेषणांची रांग कशाला? रोज अरे-तुरे करणारी माणसं भांडली की एकदम "तुम्ही बसा, मी जाते" म्हणतात, आणि त्या 'तुम्ही'ने खोलीतली हवा गार होते. उलट कामापुरतं 'तुम्ही' म्हणणाऱ्याच्या तोंडून घाईत "पडशील!" निसटतं, आणि ते परत घेता येत नाही. खर्डा तपासताना फक्त संबोधनं बघत एकदा वाचन करा. पुष्कळदा असं आढळतं की लेखकाने तू आणि तुम्हीची सरमिसळ नकळत केली आहे, आणि जिथे ती मुद्दाम करायला हवी होती तिथे केलेलीच नाही.

कबुलीनंतर पात्र हरवणं

ज्या पानावर 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' येतं त्याच्या पुढच्या पानावर कुणीतरी भलतीच मुलगी बोलू लागते. मऊ, लाघवी, प्रत्येक वाक्याला हसणारी. ज्या माणसासाठी वाचक इतकी पानं थांबला तोच गायब. शेक्सपिअरच्या 1600 साली छापल्या गेलेल्या 'मच अ‍ॅडो अबाउट नथिंग'मध्ये बीअ‍ॅट्रिस आणि बेनेडिक एकमेकांना प्रेमाची कबुली देतात, आणि त्याच प्रवेशात ती त्याच्याकडे त्याच्या मित्राचा जीव मागते, कारण त्या मित्राने तिच्या नात्यातल्या बहिणीची बेअब्रू केलेली असते. कबुलीने तिची धार बोथट झाली नाही, तिला नेमकी दिशा मिळाली.

कबुलीनंतर भीती कमी होते, त्यामुळे मागे सरणं कमी व्हायला हवं. जिभेचं वळण मात्र तेच राहील. आता रेवा खोलीत आली की ईशान आधीच डावीकडे सरकून बसलेला असतो. ती दारातच थांबते.

"मी सांगितलं होतं का सरकायला?"

"नाही."

"मग?"

"तिरीप येतेय," तो म्हणतो, आणि उजवीकडची खुर्ची तिच्यासाठी मागे ओढतो.