मानेचं ऑपरेशन, पण तयारी घशाची

खालच्या मजल्यावरच्या काकूंना ऑपरेशनची तारीख मिळाली. मानेतल्या सी-५ आणि सी-६ या मणक्यांमधली गादी काढून ते जोडायचे आहेत. ‘पिशवीत काय काय भरू गं?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काकू, पिशवी आदल्या रात्री भरू, आधी घशाचं बघू. गेल्या वर्षी आमच्या ह्यांचं हेच ऑपरेशन झालं. हाताच्या मुंग्या दुसऱ्या दिवशी गेल्या, पण वाटीभर मऊ भात संपायला पाऊण तास लागायचा. कोणी आधी सांगितलं असेलही. आमचं सगळं लक्ष हाताकडे होतं.

मणका मागे असला तरी हे ऑपरेशन बऱ्याचदा पुढून, गळ्यावर चीर देऊन करतात. श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला सारून हुकांनी धरून ठेवावी लागते, मग तिथे सूज येते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २४९ रुग्णांना विचारलं होतं. महिन्याभरानंतर निम्म्यांना गिळताना काही ना काही त्रास होता, सहा महिन्यांनी साधारण १८ टक्क्यांना आणि वर्षानंतर १२-१३ टक्क्यांना. बहुतेकांचं आपोआप सुधारतं. एकाहून जास्त गाद्या, वाढलेलं वय, त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन, यांत धोका वाढतो. बायकांमध्येही त्रास थोडा जास्त दिसतो. पूर्ण टाळता येईल असं नाही, कमी मात्र करता येतं.

ओपीडीत जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण आत गेलं की निम्मे विसरतात. किती गाद्या काढणार? प्लेट (मणके धरून ठेवणारी धातूची पट्टी) बसवणार का, आणि ती किती जाड? जाड प्लेट अन्ननलिकेला टोचते. सूज कमी राहावी म्हणून स्टेरॉइड देणार का? मधुमेह असेल तर साखर वाढते, तेही तेव्हाच बोलून घ्या. भूलतज्ज्ञांना वेगळं भेटा. भुलीच्या नळीच्या टोकाशी हवेचा छोटा फुगा असतो आणि हुक लावले की त्याचा दाब वाढतो. काही भूलतज्ज्ञ त्यातली हवा काढून पुन्हा बेताची भरतात. ‘तुम्ही करता का?’ एवढं विचारायला हरकत नाही, कोणी रागावत नाही. आधी थायरॉइडचं ऑपरेशन झालेलं असेल, तर ते सर्जनना सांगितल्याशिवाय उठू नका. आवाजाची नस तिथूनच जाते. एका बाजूचा स्वरतंतू आधीच अधू नाही ना, हे नाक-कान-घशाचे डॉक्टर दुर्बिणीतून बघतात आणि त्यावरून चीर कुठल्या बाजूला द्यायची ते ठरतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या कधी थांबवायच्या, हेही डॉक्टरांनाच ठरवू द्या.

घरी एक काम पाच मिनिटांचं आहे: मोबाईलवर आपला आवाज रेकॉर्ड करून ठेवा. नंतर ‘आवाज बसलाय की असाच होता?’ यावर घरात वाद होत नाहीत. सध्या गिळताना काही अडतं का, हेही लिहून ठेवा. ‘ईट-१०’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी असते, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना दाखवा. जमल्यास स्पीच थेरपिस्टची एक भेट घ्या. ही मंडळी फक्त बोलणं सुधारतात असा माझाही समज होता. गिळण्याचं कामही त्यांच्याकडेच असतं. सिगारेट, तंबाखू, मशेरी बंद (काकूंनी इथे तोंड फिरवलं). मणका जुळून येण्यासाठीही हे सगळं बंद असावं लागतं. अॅसिडिटीचं औषध सुरू करायचं का, ते विचारा. काही सर्जन आधीचे काही दिवस श्वासनलिका बोटांनी हळूच बाजूला सरकवायचा व्यायाम शिकवतात. त्यांनी शिकवला तरच करा, व्हिडिओ बघून नको. शेजारीच मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी आहे.

आता स्वयंपाकघर. हॉस्पिटलात पहिल्या सकाळी ह्यांच्यापुढे सुके पोहे आणि टोस्ट आले. दुसऱ्या घासाला असा ठसका लागला की सिस्टर धावत आली. तेव्हा डाएटिशियनला आदल्या दिवशीच सांगा. भुरभुरीत, कोरडं, चिकट आणि तंतूंचं सगळं पहिले काही दिवस बाद: पोहे, भाकरी, चिवडा, शेवग्याची शेंग. पातळ रसात कडक तुकडे असलेला पदार्थ सगळ्यात वाईट, कारण रस्सा आधी घसरतो आणि तुकडा मागे राहतो. म्हणजे मिसळ. ठाण्यात राहून मिसळ सोडायची हे दुःख मला कळतं, पण घसा सुधारेपर्यंत नाहीच. त्याऐवजी तूप घालून घोटलेला मऊ भात, मुगाची एकजीव खिचडी, पेज, नाचणीचं सत्त्व, दही, शिजवून कुस्करलेला भोपळा. नुसत्या पाण्यानेही ठसका लागत असेल, तर किती घट्ट चालेल ते थेरपिस्ट सांगतात. गोळ्यांचं आधी विचारा: कुठल्या सिरपमध्ये मिळतील, कुठल्या कुटता येतील. सगळ्या कुटायच्या नसतात. ‘एसआर’ लिहिलेल्या (औषध हळूहळू सोडणाऱ्या) आणि आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या तर नाहीच.

खाताना ताठ बसायचं, छोटा चमचा, एक घास पूर्ण गेल्यावर दुसरा, टीव्ही बंद. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मानेला कॉलर दिली तर तिने हनुवटी वर उचलली जाते आणि गिळणं अवघड होतं. जेवताना सैल करायची का, हे डॉक्टरांना विचारा, मनाने करू नका. दात दोन्ही वेळा घासा. चुकून घास श्वासनलिकेत गेलाच तर तोंडातले जंतूही फुप्फुसात जातात.

आणि एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. गळा फुगायला लागला, श्वास घेताना आवाज येतोय, लाळही गिळता येत नाही, तर लगेच हॉस्पिटल. आत रक्त साठून असं होऊ शकतं, बहुतेकदा पहिल्या २४ तासांत, पण घरी आल्यावरही. ताप आणि गिळताना वाढत जाणारी कळ असेल तरी त्याच दिवशी दाखवा. घोडबंदर रोडला राहणाऱ्यांनी संध्याकाळच्या वेळी माजिवड्यापर्यंत किती वेळ लागतो ते आधीच बघून ठेवा आणि जवळचं चोवीस तास चालू असणारं हॉस्पिटल ठरवा. १०८ घरातल्या सगळ्यांना पाठ हवा.

राहिली पिशवी. कवळीची डबी (ऑपरेशनआधी काढतात, जेवायला परत लागते), घरातला सगळ्यात छोटा चमचा, सगळे रिपोर्ट, आणि वही-पेन. पहिल्या दिवशी ह्यांनी मला वहीवर काय लिहून दिलं माहितीये? ‘चहा कधी?’