बुलेटचा कार्बोरेटर खोलण्याआधीची तयारी

गाडी सिग्नलला बंद पडते, रेस दिली की गुदमरते, उतारावर फटफट फटाके वाजवते, असं काहीही झालं की पहिला हात जातो कार्बोरेटरच्या स्क्रूकडे. तो हात आवरणं हीच तयारीची पहिली पायरी. एकदा का स्क्रू आपल्या जागेवरून हलला की मूळ दोष आणि आपण नव्याने घातलेला दोष यांची सरमिसळ होते आणि मग दोन्ही सापडत नाहीत. जुन्या बुलेटमध्ये कार्बोरेटरच्या नावावर खपणारे कितीतरी आजार खरं तर पॉइंटचे (प्लगच्या ठिणगीची वेळ साधणारा उघड-बंद होणारा स्विच), टॅपेटचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांचं सेटिंग) नाहीतर टाकीच्या झाकणाचे असतात. म्हणून आधी बाकी सगळं निकाली काढायचं, कार्बोरेटर सगळ्यात शेवटी.

हे टिपण पॉइंटवाल्या कास्ट आयर्न ३५० साठी आहे, म्हणजे साधारण २०१० पर्यंत बनलेल्या जुन्या इंजिनाच्या बुलेटसाठी, आणि तेही मिककार्ब व्हीएम २४ या मॉडेलचा कार्बोरेटर बसवलेल्या.

सुरुवात सकाळी, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना सगळ्यात वर, आणा, टॅपेटचं झाकण काढा आणि दोन्ही पुशरॉड बोटांनी फिरवून पाहा. रॉड दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली हलवला तर खेळ जाणवता कामा नये. घट्ट असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, मग गाडी गरम झाली की आयडलिंग जातं आणि दोष कार्बोरेटरवर येतो. डीकॉम्प्रेसरच्या (किक हलकी करायला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलणारा लिव्हर) केबललाही थोडी ढील हवी. ती ताणलेली असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, किक हलकी लागते आणि सायलेन्सरमध्ये फटाके वाजतात.

मग पॉइंट. फीलर गेजने गॅप ०.३५ ते ०.४० मिलिमीटर आहे का पाहा, आणि पॉइंटवर खड्डा-उंचवटा झाला असेल तर घासत बसण्यापेक्षा पॉइंट आणि कंडेन्सर जोडीने बदला. अँपमीटर असेल तर तो इथे फार कामाचा आहे: चावी लावून किक हळूहळू दाबली की काटा उणेकडे जातो आणि पॉइंट उघडताच पुन्हा मध्यावर येतो. काटा मध्यावरून हललाच नाही तर पॉइंटपर्यंत करंट पोचत नाही. उणेकडेच अडकला तर पॉइंट उघडत नाहीत, किंवा कुठेतरी तार बॉडीला लागते आहे. प्लग नवा टाका, गॅप साधारण अर्धा मिलिमीटर, आणि जुना प्लग फेकू नका. तो कागदात गुंडाळून ठेवा, त्याचा रंग पुढे लागणार आहे.

आता पेट्रोल. कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग पडली पाहिजे आणि दोन-तीन मिनिटं तशीच राहिली पाहिजे. हळूहळू बारीक होत थांबली तर टाकीचं झाकण उघडून बघा, धार परत आली म्हणजे झाकणातलं हवेचं भोक बुजलं आहे. पाच-सात किलोमीटरवर गाडी बंद पडते आणि थोडा वेळ थांबलं की परत चालू होते, या तक्रारीचं बऱ्याचदा हेच कारण असतं. कॉकची जाळी आणि रिझर्व्हची नळी यात गंज साचला असेल तर तो आत्ताच साफ करा, नाहीतर स्वच्छ केलेल्या जेटमध्ये (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) तोच कचरा जाऊन बसेल.

पेट्रोल पंपावरून येतं ते आता वेगळं आहे, हेही तयारीत धरावं लागतं. २०२५ पासून साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या फ्लोट बाऊलच्या (कार्बोरेटरखालची पेट्रोलची वाटी) तळाशी पाण्याचा वेगळा थर सापडतो. जुन्या गाडीतल्या पेट्रोलच्या नळ्या, ओ-रिंगा, पॅकिंग यातलं बरंचसं रबर या मिश्रणासाठी बनलेलंच नव्हतं. ते फुगतं, मऊ पडतं, कधी चिरतं. म्हणून काम सुरू करण्याआधीच रबराचा पूर्ण सेट, बाऊलचं पॅकिंग आणि नवी नळी आणून ठेवा. अर्ध्यात काम टाकून दुकान शोधत फिरायची वेळ आली की खोललेल्या पार्टवर धूळ बसते.

हवेची बाजू लोक विसरतात. एअर फिल्टर काढून झटका, खराब असेल तर बदला, आणि फिल्टर बॉक्सपासून कार्बोरेटरपर्यंतचा रबरी पाइप चिरलेला नाही ना हे बोट फिरवून पाहा. कार्बोरेटर इंजिनाला बसतो तो जोड मात्र गाडी चालू ठेवून तपासायचा: आयडलिंगला असताना जोडाभोवती ब्रशने थोडं पातळ तेल लावा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. फ्लँजचे, म्हणजे कार्बोरेटरच्या इंजिनाला टेकणाऱ्या कडेचे, नट वर्षानुवर्षं जोर लावून आवळले गेले की फ्लँजचे कान पुढे वाकतात आणि मधे फट पडते. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून फ्लँज गोल-गोल घासा, सगळीकडे सारखी चकाकी आली की तो सपाट झाला. हवा ओढणाऱ्या गाडीची रेस सोडल्यावर पटकन खाली येत नाही, अधांतरी लटकते. ही खूण ओळखता आली तर कार्बोरेटर खोलण्याचा अर्धा त्रास वाचतो.

एवढं सगळं ठीक असूनही दोष राहिला तर मग खोला. उजेडाची, वारा येईल अशी जागा निवडा, जवळ देवघर, शेगडी, सिगरेट काही नको. पांढरं फडकं, एक उथळ ट्रे, कार्बोरेटर क्लीनर, चष्मा, वही आणि फोनचा कॅमेरा लागेल. स्टार स्क्रू-ड्रायव्हर टोक घासलेला नको. बाऊलचे स्क्रू मऊ असतात, एकदा खाच गेली की ड्रिल लावावं लागतं. खोलण्याआधी एअर स्क्रू हलक्या हाताने आत घेत किती आटे बसतो ते मोजून वहीत लिहा. नीडल म्हणजे रेस देताना वर-खाली होणाऱ्या स्लाइडमधली सुई; तिची क्लिप वरून कितव्या खाचेत आहे तेही लिहा, आणि जेटवरचे आकडे उतरवून घ्या. आधीच्या मेकॅनिकने भलताच जेट टाकलेला सापडणं अगदी नेहमीचं आहे.

साफसफाईत सगळा वेळ पायलट जेटला, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल देणाऱ्या जेटला, द्या. मेन जेटचं भोक मोठं असतं, ते डोळ्यांनी दिसतं. पायलट जेट उजेडाकडे धरला तर आरपार टाचणीच्या टोकाएवढा स्वच्छ गोल ठिपका दिसायला हवा, आणि ठिपका वाकडातिकडा दिसला तर आत कडक झालेला चिकटा आहे. त्यात पोलादी तार घालू नका. जेट पितळेचा आहे, एक ओरखडा पडला की त्याचं माप गेलं. क्लीनरमध्ये भिजत ठेवा आणि मग हवा मारा. घरी कंप्रेसर नसेल तर पंक्चरवाल्याकडे जा, पण फ्लोट, नीडल व्हॉल्व्ह आणि सगळं रबर काढून ठेवल्याशिवाय ती हवा मारायची नाही. जेट साफ झाला म्हणजे काम झालं असंही नाही. पायलट जेटच्या भोकात क्लीनरची नळी लावून फवारा मारा, आणि स्लाइड जिथे बसते तिथे, इंजिनाच्या बाजूला, तळाशी असलेल्या बारीक भोकांतून धार उडते का पाहा. डोळ्यांवर चष्मा हवा तो यासाठीच. धार उडाली नाही तोवर परत भिजवा. बहुतेक अर्धवट साफसफाई इथेच फसते आणि गाडी दुसऱ्या दिवशी पुन्हा सिग्नलला बंद पडते.

फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल डचमळत असेल तर तो गेला. नीडल व्हॉल्व्हच्या (बाऊल भरला की पेट्रोल थांबवणारा) निमुळत्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ओव्हरफ्लो थांबणार नाही, बदला. चोकच्या प्लंजरच्या तळाचं रबर झिजलेलं असेल तर चोक बंद असूनही जादा पेट्रोल जात राहतं. एअर स्क्रू काढून बसवूनही एव्हरेज सुधारत नाही तेव्हा हा प्लंजर पाहायचा राहिलेला असतो. जोडताना स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे हवी. केबलला दोन-तीन मिलिमीटर खेळ ठेवा, आणि गाडी चालू करून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. रेस वाढली तर केबल कुठेतरी अडकते आहे.

आता सेटिंग. गाडी आठ-दहा किलोमीटर फिरवून गरम करा, थंड इंजिनावर केलेलं सेटिंग टिकत नाही. एअर स्क्रू हलकेच टेकवून दीड आटा बाहेर घ्या. या कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला आहे आणि हवा नियंत्रित करतो, म्हणून आत घेतला की मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होतं, बाहेर काढला की लीन (हवा जास्त). इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या कार्बोरेटरमध्ये हे बरोबर उलट असतं, त्यामुळे दुसऱ्या गाडीवरचा सल्ला इथे लावू नका. रेस स्क्रूने आयडलिंग थोडं चढं ठेवा, मग एअर स्क्रू पाव-पाव आटा फिरवा आणि प्रत्येक वेळी इंजिन स्थिर होऊ द्या. आवाज जिथे सगळ्यात चढा आणि एकसारखा लागेल तिथे थांबा आणि रेस स्क्रूने आयडलिंग खाली आणा. योग्य जागा अर्ध्या आट्याच्या आतच येत असेल तर पायलट जेट अजून बुजलेला किंवा लहान आहे, तीन आट्यांच्या पलीकडे जात असेल तर मोठा. पीयूसी काढायची वेळ जवळ आली असेल तर तो दिवस इथेच धरा. पावतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा आकडा हे आयडलिंगच्या मिश्रणाचं सरळ माप आहे. २००० पूर्वीच्या दुचाकीला मर्यादा ४.५ टक्के आहे, नंतरच्या गाडीला ३.५.

रस्त्यावर तपासताना ग्रिपवर आणि स्विचवर पांढऱ्या टेपच्या खुणा करा, म्हणजे दोष किती रेसला येतो ते कळेल. पहिल्या आठव्या हिश्श्यात पायलट जेट आणि एअर स्क्रू बोलतात, पाव रेसपर्यंत स्लाइडचा कट, पावपासून पाऊणपर्यंत नीडल, त्यापुढे मेन जेट. धावताना चोक किंचित उघडल्यावर गाडी सुधारली तर मिश्रण लीन आहे, आणखी गुदमरली तर रिच. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहा. जपून ठेवलेला प्लग आता काढा: काळी काजळी रिचची, पांढरट भाजलेलं टोक लीनचं. नव्या प्लगचा रंग शंभरेक किलोमीटरनंतर त्याच्याशेजारी धरून बघा, बिस्किटी असला तर छान.

इथेच इथेनॉलचा हिशोब परत येतो. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो, आणि २० टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. जेट तोच राहिला तर गाडी आपोआप लीन होते. म्हणून साफसफाई नीट होऊनही मधल्या रेसला इंजिन तापत असेल, खेच कमी वाटत असेल तर नीडलची क्लिप एक खाच खाली घ्या, म्हणजे नीडल वर उचलली जाते. मेन जेटला हात त्यानंतर, आणि एकच नंबर वर.

इतकं करूनही आयडलिंग वर-खाली होत राहिलं तर स्लाइड बोटांनी पुढे-मागे हलवून पाहा. ती खडखडली तर स्लाइड आणि बॉडी दोन्ही झिजली आहेत, त्याला कुठलाच स्क्रू उत्तर देणार नाही. नवा कार्बोरेटर घ्या, पण बसवण्याआधी बाऊल खोलून त्यातले जेट वहीतल्या आकड्यांशी ताडून पाहा. डुप्लिकेट मालात आकडा छापलेला एक आणि भोक दुसरंच असतं. तसं आढळलं तर जुने पितळेचे जेट धुऊन त्यातच बसवा.