मायक्रोकंट्रोलरच्या आउटपुट पिनचे संरक्षण

मायक्रोकंट्रोलरची, म्हणजे उपकरणे चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपची, आउटपुट पिन संकेत देण्यासाठी असते, भार ओढण्यासाठी नव्हे. एटीमेगा३२८पी या चिपच्या एका पिनसाठी ४० मिलिअँपिअर ही कमाल सहनमर्यादा आहे. ती नेहमीच्या वापराची मर्यादा नसल्याने प्रत्यक्षात २० मिलिअँपिअरच्या आतच राहावे. ५ व्होल्टच्या लहान रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) कॉइल, म्हणजे तारेचे वेटोळे, साधारण ७० मिलिअँपिअर घेते, म्हणून ती थेट पिनला न जोडता मध्ये स्विचचे काम करणारा ट्रान्झिस्टर किंवा लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (पिनच्या व्होल्टेजवरच पूर्ण चालू होणारा ट्रान्झिस्टर) घालावा.

कॉइलचा प्रवाह एकाएकी तुटला की तिच्या चुंबकीय क्षेत्रात साठलेली ऊर्जा पुरवठ्याच्या कितीतरी पट व्होल्टेजचा उलटा झटका देते, आणि तो शोषण्यासाठी कॉइलच्या दोन टोकांवर १एन४००७ सारखा डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग), त्याच्या अंगावरील पट्ट्याची बाजू धन टोकाकडे ठेवून, जोडणे आवश्यक आहे. डायोड उलटा बसला तर ट्रान्झिस्टर चालू होताच पुरवठा शॉर्ट होतो; सोल्डर करण्यापूर्वी पट्टा पाहण्याचा आळस बराच महागात पडतो.

पिनपासून लांब तार जात असेल तर ती अँटेनासारखी गोंगाट गोळा करते. अशा वेळी २२० ओहमचा रेझिस्टर तारेच्या दूरच्या टोकाला नव्हे, तर पिनला लागूनच सिरीजमध्ये लावावा, म्हणजे ५ व्होल्टवर तार चुकून ग्राउंडला टेकली तरी प्रवाह सुमारे २३ मिलिअँपिअरवरच अडतो. गोंगाट घालवण्यासाठी थेट पिनवर कपॅसिटर मात्र लावू नये, कारण प्रत्येक बदलाच्या वेळी त्याच्या चार्जिंगचा ताण पिनवरच येतो; तो रेझिस्टरच्या पलीकडे, तारेच्या बाजूला असावा. रिसेटच्या (चिप पुन्हा सुरू होण्याच्या) काळात पिन अधांतरी राहते, म्हणून मॉस्फेट आपोआप चालू होऊ नये यासाठी त्याच्या गेटपासून (नियंत्रणाच्या टोकापासून) ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर द्यावा.