गाडीच्या अडचणीच्या जागांसाठी छोटा पॉलिशिंग पॅड कसा निवडावा

बॉनेट, छत, दरवाज्यांचे मोठे पत्रे पॉलिशिंग मशीनच्या पाच-साडेपाच इंची पॅडने भराभर उरकतात. पंचाईत होते ती आरशाच्या मागे, नंबरप्लेटच्या खोबणीत, बंपरच्या जाळीखालच्या पट्टीवर आणि दोन खिडक्यांमधल्या खांबावर. मोठा पॅड तिथे सपाट टेकतच नाही, त्याची नुसती कड घासते. मग लोक दुकानात जाऊन सगळ्यात छोटा पॅड मागतात. तसं करू नका. त्या जागेत नीट मावेल असा सगळ्यात मोठा पॅड घ्या.

कारण साधं गणित आहे. साडेपाच इंची पॅडचं क्षेत्रफळ तीन इंचीच्या तिपटीहून जास्त भरतं, दोन इंचीच्या तर साडेसातपट. हाताचा जोर तोच राहिला, तर छोट्या पॅडखालच्या रंगावर तितक्याच पटीने जास्त दाब येतो आणि उष्णताही एका जागी साचते. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, बहुतेक गाड्यांवर ४० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे मिलिमीटरचा पंचविसावा भाग. कडांवर तो आणखी पातळ. एकदा गेला की पुन्हा रंगकामच.

आधी जागा मोजा

गाडी धुऊन, पुसून कोरडी करा आणि जिथे मोठा पॅड जात नाही अशा जागांची रुंदी पट्टीने घ्या. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते. ड्युअल अॅक्शन मशीन, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत डीए, पॅडला फिरवतं आणि शिवाय इकडेतिकडे हलवतंही. या हलण्याला थ्रो म्हणतात. ७५ मिमीचा, म्हणजे तीन इंची पॅड आणि १२ मिमी थ्रो असेल, तर प्रत्यक्षात ८७ मिमी जागा लागते. खांब ८० मिमीचा असेल तर पॅड शेजारच्या रबरावर आपटणार, आणि पॉलिश रबरात जाऊन पांढरं दिसणार. तिथे दोन इंची पॅड घ्या.

माझ्या मते घरच्या कामाला तीन इंची पॅड ऐंशी टक्के अडचणी सोडवतो. एक इंची पॅड दिसायला गोड, पण चिन्हांभोवती आणि जाळीच्या कोपऱ्यांत सोडून त्याचं फारसं काम नसतं.

पॅडइतकीच प्लेट महत्त्वाची

पॅड ज्या चकतीला वेल्क्रोने चिकटतो ती बॅकिंग प्लेट पॅडपेक्षा किंचित लहान हवी, चारी बाजूंनी काही मिलिमीटर फोम बाहेर राहील इतकी. पाच इंची प्लेटवर तीन इंची पॅड लावणं हा सरळ आत्मघात आहे: प्लेटची टणक कड रंगाला लागली की अर्धवर्तुळाकार खाच पडते.

मोठ्या डीएवर नुसती छोटी प्लेट बसवतानाही थांबा. त्या मशीनचं आतलं प्रतिवजन मूळ प्लेटच्या वजनाला जुळवलेलं असतं. हलकी प्लेट लावली की मशीन थरथरतं आणि मनगट भरून येतं. कंपनीने छोटी प्लेट दिली असेल तरच लावा. आटे प्रत्येक मशीनला वेगळे असतात, म्हणून जुनी प्लेट काढून दुकानात सोबत न्या. रोटरीला, म्हणजे पॅडला नुसतं गोल फिरवणाऱ्या मशीनला, बहुधा एम १४ (१४ मिमी) आटा असतो, आणि त्यावर लांब दांडी जोडून छोटी प्लेट लावता येते. बंपरच्या आतल्या जागांना ती दांडी फार उपयोगी पडते.

अँगल ग्राइंडरला मात्र पॅड लावू नका. छोटा ग्राइंडर मिनिटाला अकरा-बारा हजार फेरे घेतो, आणि पॉलिशला दोन हजारांच्या आतले फेरे पुरतात.

फोम कसा हवा

छोटा पॅड जाड असेल तर तो डुलतो आणि मशीनची हालचाल फोममध्येच जिरते. सपाट, अरुंद पट्टीला पातळ पॅड चांगला. आरशाच्या गोल पाठीला किंवा बंपरच्या वळणाला मऊ फोम हवा, तो वळणाप्रमाणे दबतो. रंगावरून कडकपणा ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा नारिंगी पॅड म्हणजे कापणारा (जास्त घासून ओरखडे काढणारा), तर दुसऱ्या कंपनीचा नारिंगी अगदी वेगळा. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

सुरुवात मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने करा. ओरखडे हटले नाहीत तरच कापणारा पॅड काढा. लोकरीचा पॅड प्लास्टिकच्या बंपरवर टाळलेला बरा. प्लास्टिक पत्र्यासारखी उष्णता पसरवत नाही, ती रंगातच राहते.

आता काम

रबर, काळं प्लास्टिक आणि पत्र्याच्या धारदार कडा मास्किंग टेपने झाका. पॅडवर पॉलिशचे मसुराएवढे तीन-चार थेंब पुरेत. वीतभर चौकोन घ्या, पॅड रंगावर टेकवा आणि मगच मशीन सुरू करा. आधी कमी वेगात पॉलिश पसरवा, मग वेग मध्यम करून सावकाश आडव्या-उभ्या फेऱ्या मारा. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीचा निम्मा भाग झाकेल अशी. हाताचा जोर मशीनच्या वजनाहून फारसा जास्त नको.

डीएच्या प्लेटच्या बाजूवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय. जागच्या जागी थरथरली, तर पॅड तिरका झालाय किंवा दाब जास्त झालाय. रोटरी असेल तर कडेजवळ पॅड कडेवरून बाहेर पडेल अशा बाजूने काम करा, कडेवर चढेल अशा नाही. अधूनमधून हाताच्या मागच्या बाजूने पत्रा बघा. कोमट चालेल, चटका बसला तर थांबा.

मग मायक्रोफायबरने पुसून टॉर्चच्या प्रकाशात पाहा. खांबावरचं चकचकीत काळं प्लास्टिक फार नाजूक असतं. कापड दाबून पुसलं तरी नवे ओरखडे उठतात.

हँडलमागच्या वाटीत नखांचे ओरखडे असतात. दोन इंची पॅड तिथे जातो, पण तळ खोलगट असल्याने त्याची कडच जास्त घासते. मी ती जागा बोटाला फोमचा तुकडा गुंडाळून हातानेच करतो. वेळ लागतो, धोका नाही.

किती पॅड घ्यावेत

मोठ्या पॅडपेक्षा जास्त. छोट्या फोममध्ये पॉलिश आणि घासून निघालेला रंग लवकर भरतो, मग पॅड कापण्याऐवजी नुसता तापतो. दर चौकोनानंतर ब्रशने झाडा आणि ओलसर, जड वाटला की बदला. एका गाडीला तीन इंची चार मऊ आणि दोन कापणारे, शिवाय दोन इंची दोन मऊ, एवढ्यावर भागतं. काम झाल्यावर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन पिळा आणि सावलीत फोमची बाजू खाली करून वाळवा, म्हणजे वेल्क्रोच्या डिंकात पाणी साचत नाही.